अर्ध्या मिलिमीटरची ताकद

दहिसर नदीच्या अंगाला कांदळकर चाळ होती, तेव्हा धाकू घाडीगावकराची गाडी जांभळाच्या झाडाखाली उभी असायची. जांभळं पिकली की टपावर सडा पडायचा, आणि धाकू जुन्या गंजीफ्रॉकाने तो पुसत बसायचा. मग चाळ पडली, जांभूळ तुटलं आणि त्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. माणसं वर राहायला गेली तशा गाड्याही वर राहायला गेल्या. पार्किंगचे सहा मजले, आणि तिथवर जायला भिंतीला धरून वळत वळत चढणारा सिमेंटचा रॅम्प. कोणाची गाडी कुठे, यासाठी दसऱ्याला चिठ्ठ्या काढल्या. धाकूने रवळनाथाचं नाव घेऊन डब्यात हात घातला. निघालं सहाशे चौदा. सहावा मजला, शेवटचं वळण, कोपऱ्यातली जागा.

"बरां झाला," बायको रुक्मिणी म्हणाली. "गाडयेक वारो गावतलो."

वारा लागायला गाडी आधी वर पोचायला हवी, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

गाडी अकरा वर्षांची, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची. हल्लीच्या गाड्यांत इंजिनाच्या तोंडात हवा कोंबायला वेगळं यंत्र बसवतात, त्याला टर्बो म्हणतात. धाकूच्या इंजिनाला असले लाड नव्हते. आपल्या छातीने ओढेल तेवढी हवा, आणि तेवढ्यावर गुजराण.

पण गाडीच्या आधी धाकू कोण ते सांगितलं पाहिजे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारी एक कंपनी होती. तिथे धाकू एकोणतीस वर्षं लोखंड कातणाऱ्या लेथवर टर्नर होता. बाप गिरणीत होता, त्याला मागाच्या खडखडाटाने शेवटी ऐकू यायचं बंद झालं. तेव्हापासून धाकूच्या मनाने घेतलं, की मशीन ओरडू लागलं की समजावं, कोणीतरी त्याच्यावर जुलूम करतोय. त्याची लेथ अशी चालायची की शेजारच्या माणसाला ती बंद आहे असं वाटे. कंपनीला टाळं लागलं तेव्हा मालकाने त्याला स्टीलचं घड्याळ दिलं. त्यावर कोरलं होतं, 'एकोणतीस वर्षं, एकही बिघाड नाही.' मिळालेल्या पैशातून त्याने ही गाडी घेतली. एकोणतीस वर्षं परक्याचं मशीन राखल्यावर हे पहिलं स्वतःचं.

माणूसही तसाच, लेथसारखा. घरात आवाज रुक्मिणीचा. सोसायटीत आवाज सेक्रेटरी चंद्रप्रकाशचा. धाकू बोललाच तर समोरच्याला पुढे वाकावं लागे.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूमच्या पोराने चार सूचना दिल्या होत्या. धाकूला त्यातली एक मनापासून पटली. बसच्या तिकिटाएवढ्या कागदावर त्याने ती सुबक अक्षरात लिहिली आणि डॅशबोर्डवर रवळनाथाच्या फोटोखाली चिकटवली: 'इंजिन ओरडता नये.' गेली अकरा वर्षं दर दसऱ्याला फोटोबरोबर त्या कागदालाही हळदकुंकू लागत होतं. आणि अकरा वर्षांत त्या गाडीचं स्टिअरिंग धाकूशिवाय कोणाच्या हातात गेलं नव्हतं. मुलगा निलेशने एकदोनदा गाडी मागितली, नाद सोडला आणि मोटारसायकल घेतली. सून श्वेता वेंगुर्ल्याची. तिच्या बापाचा मासळीचा टेम्पो होता, आणि लग्नाआधी ती तो बंदराच्या चढावरून बर्फासकट वर काढायची. तिला गाडी येते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे कोणी विचारत नसे.

चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब गाडीत बसून सहाव्या मजल्यावर नारळ फोडायला निघालं. धाकूने पहिला गिअर टाकला, पाय पेडलवर असा ठेवला जसं खाली अंडं आहे. गाडी चढू लागली. जरा चढली तसं इंजिनाने सूर वर नेला. धाकूच्या कपाळाला आठी पडली. त्याने लगेच दुसरा गिअर टाकला. सूर खाली आला, धाकूला बरं वाटलं, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर गाडी धापा टाकून गप्पकन बंद पडली.

मागे चंद्रप्रकाशची जाडजूड गाडी होती. तिने असा हॉर्न दिला की सहा मजले दणाणले.

पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, पुन्हा गप्प. शेवटी धाकू उलट्या पावली तीन मजले खाली आला. नारळ तळमजल्यावर वॉचमन बाळाच्या खुर्चीसमोर फोडला.

ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण पुढच्याच सभेत चंद्रप्रकाशने नियम आणला. जी जागा तीन महिने रिकामी राहील ती सोसायटीकडे परत, आणि मग वेटिंग लिस्टमधल्या पहिल्या माणसाला. लिस्टमध्ये पहिला होता चंद्रप्रकाश. त्याच्या दोन गाड्या होत्या, तिसरी बुक केली होती.

"कोणाला ऑब्जेक्शन?" त्याने विचारलं.

धाकूचा हात अर्धा वर गेला. मग त्याच हाताने त्याने कान खाजवला आणि नियम एकमताने मंजूर झाला.

गाडी तोवर नदीच्या भिंतीकडेला उभी होती, तिथे दर आठवड्याला उचलून नेणारी व्हॅन फिरे. निलेशने सरळ सांगितलं, "बाबा, जागा गेली की गाडी विकायची. रस्त्यावर किती दिवस ठेवणार?"  दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू गाडी घेऊन मरोळला गेला, ज्युलियसकडे.

ज्युलियस मरोळ गावठाणातला. त्याच कंपनीत फिटर होता, कंपनी बुडाल्यावर घरासमोरच्या जागेत गॅरेज काढलं. एका बाजूला क्रूस, त्याला झेंडूची माळ, आणि क्रूसाच्या पायथ्याशी जुन्या टायरांची चळत.

त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, बंद केलं.

"तब्येत एकदम झकास आहे रे. बायकोपेक्षा जास्त सांभाळलीयस."

"मगे चडत नाय कित्याक?"

"धाकू, ह्याच्यात चाळीसेक घोडे आहेत. तू आजपर्यंत त्यातले बारा-तेरा बाहेर काढलेस. बाकीचे तबेल्यात उभे राहून म्हातारे झाले. असल्या इंजिनाची ताकद वरच्या आवाजात असते. दाब ना पाय! बोंबलू दे!"

"मेल्या, माका मशीन शिकवतंस? बोंबालता ता मशीन मरता."

ज्युलियसने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं गॅरेज चालवून एक गोष्ट त्याला कळली होती. गिऱ्हाइकाला फुकटचा सल्ला दिला तर ते दुसऱ्या गॅरेजात जातं, आणि खोक्यातला पार्ट दिला तर पाया पडून घेऊन जातं.

"बरं बाबा," तो म्हणाला. "मग मोठा एअर फिल्टर टाकू. हवा जास्त ओढेल."

फिल्टर बसला. धाकू दहिसरला आला आणि भर दुपारी, रॅम्पवर कोणी नसताना, गाडी वर घातली. बंद पडली तिथे उतरून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली. लेथवर मोजमाप केल्याशिवाय हातातली वस्तू खाली न ठेवणारा माणूस, त्याला अंदाज चालत नसे. पहिल्या दिवसाची जागा त्याने आठवणीने आखून ठेवली होतीच. नवी रेघ तिच्या तीन वीत वर आली.

"काका, फरक पडला म्हणा की," बाळा म्हणाला.

"पडतलो. पडतलो."

मग नवे प्लग आले, रेघ आणखी एक वीत सरकली. मग ज्युलियसकडे कोणीतरी सोडून गेलेला मोकळा सायलेन्सर आला. धूर अडखळणार नाही, झटकन बाहेर पडेल, असा त्याचा गुण. तो बसवल्यावर गाडीला असा काही घसा फुटला की सातव्या मजल्यावरचे पडदे हलले. आणि इथे सगळं उलटं झालं. आवाज ऐकून धाकूच लाजला. कोणी ऐकू नये म्हणून त्याने पाय आणखी हलका केला, आणि गाडी फिल्टरच्याही रेघेखाली बंद पडली. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'घाडीगावकर अंकलच्या गाडीचा आवाज बाराव्या मजल्यावर येतो. गाडी मात्र तिसऱ्यावरही येत नाही.' खाली बत्तीस हसरे चेहरे.

धाकूने ते वाचलं आणि गाडीचं वजन कमी करायला घेतलं. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढून हॉलमध्ये आणली. तिच्यावर बसून रुक्मिणी मेथी निवडू लागली.

"आता आमी खय बसाचा?"

"तुमी लिफ्टीन येवा."

"म्हणजे गाडी आमच्यासाठी नाय, आमी गाडयेसाठी. माकाय काडून ठेवा खयतरी!"

दिवाळी गेली. देवदिवाळी गेली. धाकू आता झपाटला होता. त्याने शेवटचं हत्यार काढलं, आणि ते त्याच्या स्वतःच्या विद्येतलं होतं. इंजिनाच्या डोक्यावर डब्याच्या झाकणासारखं हेड असतं. ते खालून थोडं घासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि स्फोट जोरात होतो. ज्युलियसने हेड उतरवून दिलं. धाकू ते फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, वसाहतीतल्या ओळखीच्या गाळ्यात गेला. तिथल्या ग्राइंडिंग मशीनवर तो सकाळी बसला तो दुपारी उठला. अर्धा मिलिमीटर. ना केसभर जास्त, ना केसभर कमी. गाळ्यातली माणसं हातातलं काम सोडून बघत उभी राहिली. ज्युलियसनेही हेडवर बोट फिरवलं आणि टोपी काढली.

"तुझ्यासारखा हात आता नाय मिळायचा रे अंधेरीत."

"आता चडतली."

"चढेल. पण पाय…"

"पायाचा काय सांगू नको."

गाडी जोडली. रॅम्पवर घातली. दुसऱ्या गिअरमध्ये आतून टिकटिक ऐकू येऊ लागली, कोणी डब्यात चणे हलवतंय तशी. दाब वाढलेलं इंजिन रेटून, दमवून चालवलं की असंच कण्हतं. धाकूला वाटलं, पेट्रोल हलकं आहे. त्याने पंपावरचं भारीतलं पेट्रोल भरलं. टिकटिक कमी झाली, रेघ मात्र चौथ्या मजल्याच्या तोंडाशी येऊन थांबली. वर अजून दोन मजले. भिंतीवर एव्हाना अकरा रेघा झाल्या होत्या. शाळकरी पोरं जाता-येता त्या वाचत, आणि कोणीतरी सर्वांत वरच्या रेघेवर एव्हरेस्टचा झेंडा काढला होता.

तीन महिने संक्रांतीच्या आदल्या रविवारी भरत होते. सकाळी अकरा वाजता कमिटी रिकाम्या जागांची पाहणी करणार, अशी नोटीस लिफ्टमध्ये लागली. शनिवारभर धाकू जेवला नाही म्हटलं तरी चालेल.

रविवारी त्याने गाडी धुतली, फोटोला हार घातला, आणि श्वेताला म्हणाला, "तू येतंस?"

घरात सगळे चमकले. गाडीत आता पुढच्या दोनच सीट होत्या.

"मी कशाक?"

"तुजा वजन सगळ्यांत कमी. आणि हो दगड धर. गाडी थांबली की उतरान मागच्या चाकाक लावूचो."

नदीकाठचा काळा, बेताचा धोंडा. बापाच्या टेम्पोवर क्लीनर जे काम करायचा ते आज सुनेच्या वाट्याला आलं होतं. श्वेताने ओढणी खोचली, धोंडा मांडीवर घेतला आणि बसली.

खाली चंद्रप्रकाश वही घेऊन उभा होता, बाजूला कमिटीचे दोघे. आवाज गोड. "आइए अंकल, आरामसे. कोई जल्दी नहीं." आणि स्वतःची गाडी लगेच मागे लावली.

धाकू निघाला. पहिला गिअर, अंडं, सूर, आठी, दुसरा गिअर. पहिली रेघ गेली. फिल्टरची गेली. प्लगची गेली. चौथ्या मजल्याच्या तोंडाशी, झेंड्याच्या एक हात अलीकडे, गाडीने मान टाकली. श्वेता उतरली, धोंडा लावला. धाकूने परत चालू केली. परत बंद. परत चालू. क्लच जळाल्याचा वास पसरला होता.

मागून चंद्रप्रकाशने खिडकीतून हात बाहेर काढला. "अंकल, राहू द्या आता. मी लिहून घेतो ना."

वहीचं पान उलटल्याचा आवाज रॅम्पमध्ये केवढा तरी मोठा आला.

श्वेता धाकूच्या खिडकीशी वाकली. "बाबा, माका देवा. एकदाच."

"ही गाडी मी कोणाच्या हातात…"

"उद्या ती परक्याच्या हातातच जातली. तेच्यापेक्षा माज्या हातात देवा."

धाकूने आरशात पाहिलं. आरशात वही होती. तो उतरला नाही, हँडब्रेक ओढून सरपटत डाव्या सीटवर गेला. श्वेताने धोंडा काढून त्याच्या मांडीवर दिला, चपला काढून मागे टाकल्या, बसली, पहिला गिअर टाकला आणि अनवाणी पाय पेडलवर असा दिला की पेडल तळाला टेकलं.

इंजिन किंचाळलं. अकरा वर्षांत तोंडातून ब्र न काढलेलं ते इंजिन मोकळ्या सायलेन्सरमधून असं बोंबललं की खांबावरची कबुतरं उडाली. गाडी पुढे झेपावली. झेंडा मागे गेला.

"दुसरो टाक!" धाकू म्हणाला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मग तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा छाती फुटेस्तोवर ओरडला. "अगो दुसरो टाक! मोडतला ता! आवशीक खाव, दुसरो टाक!"

श्वेताने दुसरा टाकला नाही. चौथा मजला गेला. पाचव्याच्या वळणावर तिने पाय जरासुद्धा उचलला नाही. धाकूने डोळे मिटले आणि धोंडा पोटाशी घट्ट धरला. आत्ता काहीतरी तुटल्याचा आवाज येईल, म्हणून तो कान देऊन वाट पाहत राहिला. सूर वर चढत गेला, एका ठिकाणी जाऊन स्थिर झाला आणि तिथेच राहिला. गाडी वळली, सरळ झाली, थांबली.

इंजिन आता शांत फिरत होतं, लेथसारखं. धाकूने डोळे उघडले. समोर भिंतीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, ६१४. खिडकीतून वारा येत होता.

मागून चंद्रप्रकाश आला, वहीत काहीतरी खोडलं, "बधाई हो अंकल" म्हणाला आणि गाडी वळवून खाली गेला. नवव्या मजल्यावरच्या एका बाईने ग्रुपवर विचारलं, 'पार्किंगमध्ये भांडण झालंय का? कोणीतरी माणूस फार ओरडत होता.' बाळाने उत्तर दिलं, 'घाडीगावकर काका.' त्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही.

वर, गाडीत, श्वेता घाम पुसत होती. तिची नजर डॅशबोर्डवरच्या कागदाकडे गेली.

"बाबा, ह्या तुमका सांगला कोणी? इंजिन ओरडता नये म्हणान?"

"शोरूमच्या पोरान. पैल्याच दिवशी."

"असाच सांगलान?"

"असाच म्हणजे… तो म्हणालो, पैली हजार किलोमीटर…" धाकू थांबला.

कागद तिकिटाएवढा होता. त्यावर अर्धंच वाक्य मावलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं त्या अर्ध्या वाक्याला हळदकुंकू लागलं होतं. त्याने मीटरकडे पाहिलं. शहाऐंशी हजार चारशे बारा.

श्वेताने मीटरवरून नजर बाजूला घेतली. बंदरावर वाढलेली पोर, कुठे गप्प राहावं हे तिला कळत होतं.

धाकूने फोटोवरचा हार सरळ केला. "हेड घासलेला म्हणान चडली," तो म्हणाला. "अर्धो मिलिमीटर."

"होय तर," श्वेता म्हणाली.

पुढे ज्युलियसने तो सायलेन्सर उतरवला, जुना बसवला, क्लच प्लेट बदलली. "हेड राहू दे," तो म्हणाला, "तेवढं एकच काम कामाचं झालं." खरं तर तेही गरजेचं नव्हतं. पण त्याने टोपी काढली होती, आणि काढलेली टोपी परत घालणाऱ्यातला तो नव्हता. मागची सीट हॉलमधून हलली. रुक्मिणीने मेथी निवडायला दुसरी जागा शोधली आणि आठ दिवस कटकट केली. सोसायटीने भिंत पुसायची नोटीस काढली तेव्हा धाकूने ओलं फडकं घेऊन सगळ्या रेघा पुसल्या. झेंडा बाळाने पुसू दिला नाही.

आता आजूबाजूच्या टॉवरमधले म्हातारे आपल्या जुन्या गाड्यांचं रडगाणं घेऊन धाकूकडे येतात. तो त्यांना बाकावर बसवतो, त्यांना पुढे वाकावं लागेल इतक्या हळू आवाजात अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट सांगतो, आणि मरोळचा पत्ता देतो. पाय दाबायचं तो कोणाला सांगत नाही. डॅशबोर्डवरचा कागदही जागच्या जागी आहे. यंदाही त्याला कुंकू लागलं.

रविवारी तो बाजारात गाडी नेतो. दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये, अंड्यावर पाय ठेवल्यासारखी. परत आला की रॅम्पच्या तोंडाशी थांबून श्वेताला फोन करतो. ती खाली येईस्तोवर सरपटत डाव्या सीटवर जातो आणि सीटखालचा काळा धोंडा काढून मांडीवर घेतो.

"आता कशाक तो, बाबा?" ती दर वेळी विचारते.

"असूंदे," धाकू म्हणतो. "मशीन आसा. कदी दमात सांगता येयत नाय."

मग ती चपला काढते.